अटक करताना मानेवर दाब : सरसकट बंदी की अपवादाची मोकळीक?

शीवकर (धागाकर्ता)

पोलिसांनी एखाद्याला ताब्यात घेताना त्याच्या गळ्याला हाताचा विळखा घालणे किंवा मानेवर गुडघा रोवणे यावर सरसकट बंदी असावी, की जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरती ही मोकळीक पोलिसांकडे राहू द्यावी, या प्रश्नावर अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये न्यायालयांपासून कायदेमंडळांपर्यंत खल झाला आहे. आपल्याकडे कोठडीतील मारहाणीवर बोलले जाते, चकमकींवर बोलले जाते. पण माणसाला पकडतानाच्या पहिल्या काही मिनिटांत त्याच्या मानेचे काय होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

जॉर्ज फ्लॉइड यांचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिस शहरात वीस डॉलरची बनावट नोट खपवल्याच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले आणि डेरेक शॉव्हिन या अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून अधिक काळ त्यांच्या मानेवर गुडघा दाबून ठेवला. त्या शहराच्या पोलीस नियमावलीत प्रशिक्षित अधिकाऱ्याला मानेवर दाब देण्याची तेव्हा लेखी मुभा होती, ही गोष्ट मात्र फार थोडे लोक सांगतात. बंदी आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, जून २०२० मध्ये.

न्यूयॉर्कमध्ये याच्या अगदी उलट स्थिती होती. तिथल्या पोलिसांना गळ्याचा विळखा १९९३ पासूनच वर्ज्य होता. तरीही १७ जुलै २०१४ रोजी, सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून एरिक गार्नर यांना पकडताना एका अधिकाऱ्याने नेमका तोच विळखा घातला. ‘मला श्वास घेता येत नाही’ असे गार्नर अकरा वेळा म्हणाले आणि त्यातच गेले. त्या अधिकाऱ्यावर राज्याचा खटला उभा राहिला नाही. त्याला सेवेतून काढले गेले ते थेट २०१९ साली. म्हणजे एका शहरात मुभा होती, दुसऱ्यात मनाई होती, आणि दोन्हीकडे माणूस मात्र जिवाला मुकला.

यावरून माझे मत असे झाले आहे की मानेला हात न लावण्याचा नियम हवाच, परंतु त्याच्या जोडीला दुसरा नियम तितक्याच स्पष्ट शब्दांत हवा : माणूस आवाक्यात आला, हात बांधले गेले, की त्याला पालथा दाबून न ठेवता ताबडतोब कुशीवर वळवणे किंवा उठवून बसवणे हे जागेवर हजर असलेल्या प्रत्येक पोलिसाचे कर्तव्य असले पाहिजे, आणि ते लेखी असले पाहिजे. ‘आवश्यक तेवढेच बळ’ ही शब्दरचना या कामी पुरेशी नाही. जाणकारांनी मते मांडावीत, विशेषतः मुंबईच्या संदर्भात.

नायगावकर

मी मुंबई पोलीस दलातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शीवकर, आपली कळकळ समजते, पण काही गोष्टी खाकी घातल्याशिवाय दिसत नाहीत, त्या मांडतो.

जुन्या चाळीचा जिना डोळ्यांसमोर आणा. दोन माणसे एकमेकांना अंग घासून जातील एवढीच रुंदी. वर दारू प्यायलेला, हातात सुरा असलेला इसम, आणि खाली एक हवालदार व एक शिपाई. लाठी फिरवायला जागा नाही, पिस्तूल काढावे तर दारादारांत बायका-मुले उभी. अशा वेळी सुरा असलेल्या हाताखालून मागे जाऊन त्याला कवळ घालणे हा एकच मार्ग उरतो आणि त्या झटापटीत हात छातीवर पडेल की गळ्यावर, हे आधी ठरवता येत नाही. उद्या मानेला हात लागला एवढ्याच कारणासाठी त्या शिपायाची विभागीय चौकशी लागणार असेल, तर तो खाली उभा राहून कुमक येण्याची वाट पाहील आणि तेवढ्यात वर कोणाचा तरी कोथळा बाहेर येईल.

दुसरी गोष्ट बेडीची. १९८० साली प्रेमशंकर शुक्ला यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेड्या घालणे घटनाबाह्य ठरवले. त्या निकालामागची माणुसकी मी नाकारत नाही. पण प्रत्यक्षात असे झाले की बेडी काढली तर जाब द्यावा लागतो, आणि बखोट, कॉलर किंवा मानगूट धरली तर कोणी विचारत नाही. आजही सत्र न्यायालयाच्या आवारात पाहा, हवालदार आरोपीच्या बोटांत स्वतःची बोटे अडकवून त्याला घेऊन जात असतो. तो हिसका देऊन पळाला की हवालदार निलंबित. मग पळणाऱ्याला मिळेल तिथे पकडले जाते. बेडी वेळेवर घालू दिली, तर गळ्यापर्यंत हात जाण्याची वेळ निम्म्या वेळा येणारच नाही, असे माझे अनुभवाचे मत आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांतील आरोपी यांना बेडी घालण्याची तरतूद आली आहे. ती मला योग्य वाटते.

न्यायवैद्यक

नायगावकर साहेबांनी बेडीचा मुद्दा चांगला काढला, पण त्याला एक जोड देणे आवश्यक आहे. फ्लॉइड यांचे हात पाठीमागे बेडीत होते. बेडी होती आणि गुडघाही होता. म्हणून बेडी पडल्यावर पुढे काय करायचे हे ठरलेले नसेल, तर केवळ बेडीने प्राण वाचत नाहीत.

मी शवविच्छेदनाच्या कामात आयुष्य घालवले आहे, तेव्हा मानेविषयी थोडे तपशिलात लिहितो.

मानेवरचा दाब ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. मनगटाचे किंवा कोपराखालचे हाड समोरून गळ्यावर आडवे आले, तर श्वासनलिका आणि स्वरयंत्र चेपले जातात. हात गळ्याभोवती घालून कोपराचा खोलगट भाग हनुवटीखाली आणला, तर श्वासनलिका बरीचशी मोकळी राहते, पण मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या दबतात आणि काही सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. हा दुसरा प्रकार अनेक देशांत ‘सुरक्षित’ म्हणून पोलिसांना शिकवला जात असे. सरावाच्या खोलीत, सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर तो तसा भासतोही. प्रत्यक्षात धडपडणारा माणूस मान वळवतो, कोपर सरकते आणि दुसऱ्या प्रकाराचा पहिला प्रकार व्हायला क्षणही लागत नाही. शिवाय रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर गेली किंवा तिथे साचलेल्या थराचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर पक्षाघात काही तासांनी, कधी काही दिवसांनीही होऊ शकतो. तोवर अटक झालेली असते आणि दोहोंचा संबंध कोणी जोडत नाही. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने, २०२१ साली या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली, ती या वैद्यकीय कारणांसाठी.

सर्वांत घातक समज म्हणजे ‘बोलतो आहे, म्हणजे श्वास चालू आहे’. स्वरतंतू हलवण्यासाठी अगदी थोडी हवा पुरते. ती हवा घशापर्यंत येते-जाते, फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतेच असे नाही. माणूस शब्द उच्चारत असताना त्याच्या रक्तातला प्राणवायू उतरत असू शकतो. आणि हवेसाठी तळमळणारा माणूस हातपाय झाडतो. वर बसलेल्याला तो प्रतिकार वाटतो, म्हणून तो दाब वाढवतो, म्हणून खालचा अधिक तडफडतो. हे चक्र थांबते ते बहुधा हालचाल थांबल्यावरच, आणि तेव्हा ‘शांत झाला’ असे म्हटले जाते.

पालथे निजवून पाठीवर भार देणे हाही याच गटातला प्रकार आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या संशोधन संस्थेने १९९५ साली पोलिसांसाठी काढलेल्या पत्रकातच लिहिले होते की बेड्या पडताच संशयिताला पोटावरून वळवावे. म्हणजे फ्लॉइड यांच्या मृत्यूच्या पंचवीस वर्षे आधी ही सूचना कागदावर होती.

कल्याण_फास्ट

अनुभव सांगतो. मध्य रेल्वेच्या एका गर्दीच्या स्थानकावर संध्याकाळी दारातल्या प्रवाशाचा मोबाइल हिसकावून एका पोराने फलाटावर उडी मारली. दहा-पंधरा पावलांत लोकांनी त्याला गाठले. पोलीस यायच्या आधीच एका धिप्पाड गृहस्थाने त्याला पालथा पाडून त्याच्या मानेवर कोपरापासूनचा हात दाबून धरला होता आणि आणखी दोघे पाठीवर बसले होते. पोराच्या चपला केव्हाच निघाल्या होत्या. टाचा फरशीवर घासत होत्या. त्याच्या तोंडून घरघर येत होती आणि भोवतालचे लोक ‘नाटकं करतोय, सोडू नका’ म्हणत होते.

तेवढ्यात एक वयस्कर हवालदार गर्दी बाजूला करत आले. त्यांनी चोराला काही विचारण्याआधी त्या गृहस्थाचा दंड धरून सांगितले, ‘मान सोडा आधी. हात धरा, हात.’ पाठीवरच्या दोघांना उठवले, पोराला ओढून खांबाला टेकवून बसवले आणि त्याचे पाय लांब करून त्यावर स्वतःचा बूट नुसता टेकवून उभे राहिले. पोराने दोन-तीनदा उलटी काढली, मग त्याला कंठ फुटला. तो कुठेही पळाला नाही, पळण्याचे त्राणच त्याच्यात नव्हते. तो आणखी थोडा वेळ तसाच दबलेला राहिला असता तर काय झाले असते, हे डॉक्टरांचा प्रतिसाद वाचताना लख्ख कळले.

माझा प्रश्न असा की मुंबईत असे पकडणारे पुष्कळदा आपणच असतो, पोलीस नव्हे. मग नियम फक्त पोलिसांना कसा पुरेल?

काळा_कोट

कल्याण_फास्ट, तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे आपल्यासमोर अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, आणि आता जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. पकडण्याचा अधिकार म्हणजे गळा दाबण्याचा अधिकार नव्हे. हिसकावून चोरी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालील गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा आहे तीन वर्षांपर्यंत. तो पोरगा तिथे मेला असता, तर त्याच्या मानेवर हात दाबणारा गृहस्थ त्याच्यापेक्षा कितीतरी गंभीर गुन्ह्यात आरोपी झाला असता.

आता पोलिसांविषयी. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ असे सांगते की अटकेला बळाने विरोध झाला तर पोलीस आवश्यक ते सर्व उपाय योजू शकतात. परंतु ज्याच्यावर मृत्युदंडाचा किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. कलम ४६ म्हणते की पळून जाणे रोखण्यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन घालू नये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमे ४६ आणि ४९ क्रमांकाने होती. चांगली कलमे आहेत. पण त्यांत मान नाही, छाती नाही, पालथे निजवणे नाही. ‘आवश्यक ते सर्व उपाय’ यांचा अर्थ त्या क्षणी फलाटावर उभा असलेला शिपाई लावणार, आणि न्यायालय तो तपासणार काही वर्षांनी, शवविच्छेदनाच्या अहवालावरून. शीवकर म्हणतात ती उणीव नेमकी या ठिकाणी आहे.

नायगावकर साहेबांच्या जिन्यातल्या प्रसंगाला कायद्यात स्वतंत्र उत्तर आहे. सुरा उगारलेल्या माणसासमोर उभा असलेला शिपाई अटक करत असतो, तसाच तो स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीवही वाचवत असतो. खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो वर्दी घातली म्हणून नाहीसा होत नाही. प्राणघातक हल्ला होत असेल तर त्या हक्कात हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंतही जाता येते. तेव्हा अटकेचे साधन म्हणून मानेवर दाब वर्ज्य केला, तरी त्या शिपायाचे संरक्षण कणभरही कमी होणार नाही. हल्ला संपला, सुरा हातातून पडला, की तो हक्कही संपतो. अमेरिकेच्या केंद्रीय न्याय विभागाने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी हीच रेषा आखली : जिथे प्राणघातक बळ वापरणे समर्थनीय आहे तेवढ्या प्रसंगाखेरीज गळ्याचा विळखा आणि मानेच्या रोहिण्यांवरचा दाब दोन्ही वर्ज्य.

तातामी

मी दादरला मुलांना ज्युदो शिकवतो. गळ्याच्या पकडी आमच्या खेळातूनच पोलिसांकडे गेल्या, म्हणून दोन गोष्टी सांगणे कर्तव्य वाटते. आमच्याकडे लहान मुलांना या पकडी स्पर्धेत करूच दिल्या जात नाहीत. मोठ्यांच्या लढतीत ज्याच्या गळ्याला पकड लागली आहे, तो तळहाताने दोनदा थोपटतो आणि त्याच क्षणी पकड सुटते. तो थोपटू शकला नाही, तर अंगावर वाकलेला पंच ती सोडवतो. या दोन सोयींमुळे खेळ शक्य होतो. अटकेत थोपटायला हात मोकळे नसतात आणि पंच कोणीच नसतो. म्हणून ‘ज्युदोत चालते, मग इथे का नको’ या युक्तिवादाशी मी सहमत होऊ शकत नाही.

धडपडणाऱ्या माणसाला मान न धरता रोखता येते. खांदा आणि मनगट धरून, कोपर पाठीकडे वळवून, दोघांनी मिळून. त्याला मेहनत लागते, नियमित सराव लागतो, आणि एका पोलिसामागे दुसरा पोलीस हजर असावा लागतो.

विक्रोळीकर

क्षमा असावी, पण हा सगळा खटाटोप मला परका वाटतो. अमेरिकेत वर्णभेदाचा इतिहास आहे, तिथल्या पोलिसांच्या कमरेला पिस्तूल आहे. आपल्या हवालदाराकडे लाठी आणि शिट्टी. मुंबईत लोक मेले ते कोठडीत, पट्ट्याने आणि काठीने. ज्याचा इथे प्रादुर्भावच नाही, त्या रोगावर औषध कशाला शोधायचे?

शीवकर

विक्रोळीकर, प्रादुर्भाव नाही असे मी म्हणणार नाही. फ्लॉइड यांच्या मृत्यूला पंधरवडाही झाला नव्हता, तेव्हा जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात जोधपूरमध्ये मास्कवरून झालेल्या वादात एका पोलिसाने खाली पाडलेल्या माणसाच्या मानेवर गुडघा ठेवल्याची चित्रफीत देशभर फिरली. पोलिसांचे म्हणणे होते की त्या इसमाने आधी त्यांच्यावर हात उगारला. तो माणूस बचावला, म्हणून ते प्रकरण आठवड्याभरात विस्मरणात गेले. माणूस दगावला असता तर आपण सगळ्यांनी वाचले असते.

कोठडीतील छळाशी याची तुलना करून एकाला मोठे आणि दुसऱ्याला लहान ठरवण्याची गरज नाही. पण एक फरक लक्षात घ्या. ठाण्याच्या आत काय घडते यावर निदान कागदोपत्री पहारा आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसवण्यास सांगितले. फलाट, पदपथ, गल्ली आणि पोलिसांची गाडी त्या आदेशात येत नाहीत. पकडल्यापासून ठाण्याच्या पायरीपर्यंतचा हा तुकडा मोकळा राहिला आहे, आणि गुडघ्याचा किंवा विळख्याचा प्रश्न उद्भवतो तो याच तुकड्यात.

आणि फ्रान्सचे उदाहरण पाहा. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसमध्ये सेद्रिक शूविया हे घरपोच सामान पोहोचवणारे गृहस्थ वाहतूक तपासणीच्या वेळी पोलिसांनी जमिनीवर दाबून धरल्यावर गुदमरले आणि मरण पावले. त्यांनी ‘मी गुदमरतो आहे’ असे सात वेळा म्हटल्याचे ध्वनिमुद्रणात निघाले. तिथल्या गृहमंत्र्यांनी जूनमध्ये गळ्याची पकड बंद करण्याची घोषणा केली, पोलीस संघटनांनी विरोध केला, सरकारने काही पावले मागे घेतली आणि अखेर २०२१ च्या उन्हाळ्यात ती पद्धत काढून टाकली. दुचाकीवरून सामान पोहोचवणारे किती लोक रोज मुंबईच्या नाक्यांवर वाहतूक पोलिसांशी हुज्जत घालतात, याचा विचार केला तर हा विषय परका वाटणार नाही.

धाकटी_बहीण

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. एकदा आजार फार बळावला, त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतले, तेव्हा त्याला इस्पितळात नेण्यासाठी आम्हीच पोलिसांची मदत मागितली. आलेले दोघेही वाईट माणसे नव्हती. एकाने बाहेरून त्याच्याशी क्रिकेटविषयी बोलायला सुरुवातसुद्धा केली होती. पण दार उघडताच भाऊ घाबरून धावला, तेव्हा दुसऱ्याने त्याला पाडून त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये गुडघा ठेवला. भावाचे तोंड मोरीच्या उंबरठ्याला लागले होते. मी ‘त्याला दमा आहे, पाय काढा’ असे ओरडले आणि त्यांनी तो काढला, हे मी कृतज्ञतेने लिहिते. परंतु मी ओरडेपर्यंत त्यांना ते सुचले नव्हते, कारण त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० मध्ये अशा व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे, कोठडीत ठेवू नये, असे आहे. संरक्षणात घेणे आणि पकडणे यांत हातांनी काय फरक करायचा, हे कोण शिकवणार? माझ्या भावासारख्या माणसाला ‘शांत राहा, हलू नको’ ही आज्ञा कळत नाही. तो हलणारच.

नायगावकर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

वकीलबाईंनी खासगी बचावाचा जो खुलासा केला, त्याने माझ्या आक्षेपाचे बरेचसे निरसन झाले. झटापट चालू असताना जे घडते ते निराळे आणि माणूस हाताशी आल्यावर जे केले जाते ते निराळे, ही रेषा मला मान्य आहे आणि कोणत्याही अनुभवी हवालदाराला ती मान्य होईल. अडचण पुढे आहे. ती रेषा ओलांडली जात असताना बाजूला उभ्या असलेल्या कनिष्ठाने काय करायचे?

फ्लॉइड प्रकरणात थॉमस लेन नावाचा अगदी नवखा शिपाई पाय धरून बसला होता. ‘याला कुशीवर वळवायचे का?’ असे त्याने शॉव्हिनला दोनदा विचारले. वरिष्ठ नाही म्हणाला आणि लेन गप्प बसला. पुढे २०२२ साली लेन आणि अन्य दोन सहकारी केंद्रीय न्यायालयात दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. मी हे वाचले तेव्हा मला आमच्या दलातली कितीतरी पोरे डोळ्यांसमोर आली. साहेबांनी गुडघा ठेवला आहे आणि नवा शिपाई म्हणतो ‘साहेब, काढा’, हे आपल्याकडे कसे घडावे? ज्याच्या हाती माझी हजेरी, माझी साप्ताहिक सुट्टी, माझी बदली, त्याचा गुडघा मी धरून हटवायचा? म्हणून माझे म्हणणे असे की नियम करायचाच असेल तर त्यात शिपायाला हक्क देऊ नका, आज्ञा द्या. ‘बेडी पडताच कुशीवर वळवण्याची जबाबदारी तिथल्या सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याची राहील’ असे लेखी आले, तर तो ‘साहेब, माझ्यावर येईल’ असे म्हणू शकेल. साहेबालाही त्यात कमीपणा वाटणार नाही. दलात काम कसे चालते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यातला फरक समजेल.

न्यायवैद्यक

नायगावकर साहेबांची सूचना फार मोलाची आहे. माझ्या बाजूने एक भर.

अशा मृत्यूत खूण बाहेरून दिसेलच असे नाही. रुंद, मऊ दंडाचा दाब असेल तर त्वचेवर ओरखडासुद्धा नसतो. त्यामुळे आधी कवटी आणि छाती उघडून मानेतले रक्त निचरू द्यावे लागते आणि मग मानेचे स्नायू एकेक थर उचलून आतला रक्तस्राव पाहावा लागतो. कंठास्थी मोडलेली नाही म्हणून गळा दाबला गेला नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. तरुण माणसात ते हाड लवचिक असते आणि बहुधा टिकते. ही चिकित्सा वेळखाऊ आहे आणि डॉक्टर ती तेव्हाच बारकाईने करतो, जेव्हा पंचनाम्यात ‘पकडताना मानेवर दाब’ असा उल्लेख असतो. तो उल्लेख कोण करणार? पंचनामा पोलिसांच्या हातचा असतो. उल्लेख नसेल तर अखेर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे लिहिले जाते, जे प्रत्येक मृत्यूला लागू पडते. फ्लॉइड यांच्या बाबतीतही मिनिआपोलिस पोलिसांचे पहिले निवेदन ‘वैद्यकीय घटना’ असेच होते; एका सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर केलेले चित्रण समोर आले म्हणून ते निवेदन टिकले नाही. शवचिकित्सेच्या अहवालात त्यांना हृदयविकार असल्याचे आणि अमली पदार्थाचे अंश सापडल्याचे लिहिले होते, आणि तरीही मृत्यू दुसऱ्याच्या कृतीने घडला असे नोंदवले गेले. दुर्बळ हृदयाच्या माणसाची मान दाबली तर दोष हृदयाला देता येत नाही.

विक्रोळीकर

कोठडीचा प्रश्न मोठा आहे यावर मी ठाम आहे. पण पकडल्यापासून ठाण्यापर्यंतच्या तुकड्याचा मुद्दा पटला. प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगा. नुसती चर्चा करून धागा थांबू नये.

काळा_कोट

विक्रोळीकर, करता येण्यासारखे आहे, आणि अमेरिकेपेक्षा आपल्याकडे एक दार अधिक उघडे आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९७६ साली अडॉल्फ लायन्स यांची मोटार मागचा दिवा बंद असल्याच्या कारणावरून अडवण्यात आली आणि पोलिसांनी गळा आवळून त्यांना बेशुद्ध केले. या पद्धतीला मनाई करावी म्हणून ते न्यायालयात गेले. १९८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की त्यांचाच गळा पुन्हा आवळला जाईल हे ते दाखवू शकत नाहीत, म्हणून त्यांना मनाईहुकूम मागता येणार नाही. आपल्याकडे डी. के. बसू प्रकरण सुरू झाले ते १९८६ साली सरन्यायाधीशांना लिहिलेल्या एका पत्रावरून. पत्र लिहिणाऱ्याला स्वतःला कोणी मारलेले नव्हते. त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये अटकेविषयीची अकरा बंधने आली : नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा कागद, नातेवाइकाला कळवणे, शरीरावरच्या जखमांची नोंद, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. यांपैकी जखमांची नोंद आपल्या विषयाला थेट लागू होते. अटक झालेल्या व्यक्तीने मागणी केली तर तपासणी आणि नोंद अटकेच्या वेळीच करावी लागते, आणि त्या नोंदीच्या कागदावर अटक झालेल्या व्यक्तीची व पोलिसाची, दोघांची सही लागते. मानेला वेदना, गिळताना त्रास, आवाज बसणे या तक्रारी तिथेच लिहून घ्यायला सांगाव्यात. मी माझ्या अशिलांच्या नातेवाइकांना हेच सांगते.

दुसरे, विधी आयोगाने १९८५ साली आपल्या ११३ व्या अहवालात सुचवले होते की कोठडीत असताना इजा झाली तर ती पोलिसांनी केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला असावी. ती शिफारस ना जुन्या पुरावा कायद्यात आली, ना नव्या साक्ष अधिनियमात. त्याची मागणी करत राहावी लागेल आणि तो पल्ला लांबचा आहे.

जवळचे काम माहिती अधिकाराचे. मुंबई पोलीस आयुक्तालय आणि लोहमार्ग पोलीस आयुक्तालय या दोन्हींकडे स्वतंत्र अर्ज करावेत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘मत’ किंवा ‘कारण’ विचारू नका, अर्ज फेटाळला जाईल. फक्त कागद मागा. विषयाच्या ओळीत असे लिहा : ‘अटक करताना व्यक्तीच्या मानेवर किंवा पालथ्या स्थितीत पाठीवर दाब देण्यासंबंधी सध्या लागू असलेले स्थायी आदेश, परिपत्रके आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती.’ असा आदेशच नसल्याचे उत्तर आले, तर तेही लेखी घ्या. उच्च न्यायालयात याचिकेला जोडायचा पहिला कागद तोच असेल. शीवकर, शहर आयुक्तालयाचा अर्ज तुम्ही करा. लोहमार्गाचा कल्याण_फास्ट यांनी केला तर बरे होईल. मसुदे मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी शब्दसंख्या पाहून देते.

कल्याण_फास्ट

करतो. उद्या संध्याकाळपर्यंत मसुदा पाठवतो.